खिडकी क्रमांक तीन

एम.एस्सी. कॉम्प्युटरला कुठला विषय घ्यावा, हे पोरं सरांना विचारत नसत. माझ्या शेजारच्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या ताईंना विचारत. "आधी अल्गोरिदम घे रे बाळा. रांगता येईना आणि निघालास मशीन लर्निंगला!" असं म्हणत ताई अर्ज परत सरकवायच्या. पण एखाद्याची नड खरी असली, की नियमाकडे खुशाल काणाडोळा करायच्या.

आम्हा कर्मचाऱ्यांना दर सत्राला एक विषय मोफत शिकता येतो. ताई त्याच पोरांच्या बाकावर बसून एकेक विषय पास होत गेल्या. डिग्रीला प्रोजेक्ट आणि शेवटचा एक विषय एवढंच उरलं होतं, तेव्हा सर म्हणाले, "ताई, प्रोजेक्ट तुमच्या रोजच्या कामावरच करा की!"

ताईंनी खिडकीचं सगळं काम करणारा प्रोग्राम लिहिला. पैकीच्या पैकी मार्क पडले, आम्ही टाळ्या वाजवल्या. विद्यापीठाने प्रोग्राम लगेच वापरायला घेतला, खिडकीला फळी ठोकली आणि ताईंना नारळ दिला.

परवा ताई त्या उरलेल्या शेवटच्या विषयाचा अर्ज भरायला आल्या. माझ्याच कॉम्प्युटरवर भरला. लगेच उत्तर आलं: "मोफत प्रवेश फक्त कर्मचाऱ्यांना. अर्ज नामंजूर."

त्याखाली ताईंनी स्वतः लिहिलेली आणि काढायची राहून गेलेली एक ओळ होती:



"काही अडचण असल्यास खिडकी क्रमांक तीनवर ताईंना भेटा."