राजाजवळ कोणीतरी

शेवटचं पान टेबलावर वाळत होतं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दादा आला हे तिनं न बघताच ओळखलं.

रविवारच्या अंकातली ही चित्रकथा दोघा भावंडांची. शब्द त्याचे, रेषा तिच्या. सावल्यांवर कर बसवणारा राजा, आणि कर थकला की जप्त होणाऱ्या सावल्या. हा राजा म्हणजे कोण, हे वाचकांना सांगावं लागत नसे. मग ज्याच्यावरून राजा बेतला होता, त्याच मंत्र्यानं दादाला भाषणं लिहायला बोलावलं आणि दादा गेला. पुढची गोष्ट तिनं एकटीनं ओढत इथवर आणली होती.

"बस ना," ती म्हणाली.

तो उभ्यानंच, नेहमीसारखा एक खांदा उतरवून, पान वाचू लागला. लोकांनी कोठाराचं दार फोडलं होतं. सावल्या लोंढ्यानं बाहेर पडून आपापल्या माणसाच्या टाचा शोधत होत्या. एक म्हातारी आपल्या सावलीवर खेकसत होती, "कुठं उलथली होतीस गं इतके दिवस?"

दादा खो खो हसला, अगदी पूर्वीसारखा. मग शेवटच्या चौकटीपाशी थांबला. ओस पडलेला दरबार. सिंहासनावर राजा. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"प्रधान कुठाय?"

"पळाला."

"आणि विदूषक?"

"तो सगळ्यांच्या आधी."

तिनं ब्रश पुसत विचारलं, "साहेबांनी पाठवलंय ना तुला?"

"हो. शेवटी राजानं चूक कबूल करावी, लोकांनी पदरात घ्यावी, असं म्हणतायत. तू तसलं काही करू नकोस. गोष्टीची माती होईल." त्याची नजर चौकटीवरून हलत नव्हती. "फक्त, छोटे, एखादं माणूस ठेव ना त्याच्याजवळ."

"कोणाला ठेवू?"

त्यानं घड्याळ पाहिलं.

"चहा टाकते."

"नको. खाली गाडी थांबलीय."

दारात तो वळला. "ते म्हातारीचं वाक्य मला नसतं सुचलं," म्हणाला आणि उतरून गेला.

गाडीचा आवाज विरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग ब्रश शाईत बुडवला. सिंहासनाच्या पायरीवर तिनं एक माणूस बसवला, वाचकांकडे पाठ केलेला, एक खांदा जरा उतरलेला. त्याला सावली द्यावी की नाही, यावर ती बराच वेळ अडली. मग दिली.

रविवारी अंक घरोघरी गेला आणि फोन सुरू झाले. संपादक, वाचक, शाळेतल्या जुन्या बाई. सगळे खूश होते. राजाची चांगली जिरवलीस म्हणत होते. आणि प्रत्येकजण शेवटी विचारत होता, "पण पायरीवर बसलेला तो खुळा कोण गं?"

"असाच कोणीतरी," ती सांगत राहिली.

दुपारी पुन्हा घंटी वाजली. तिनं फोन उचलला. पलीकडून कोणी काही विचारलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

रिसीव्हर कानाशी धरून, भिंतीला टेकून, ती हळूच खाली जमिनीवर बसली.