भिजवलेला वेत

नवरा तिसऱ्यांदा थांबला, तशी ती पटकन शेजारच्या दुकानाच्या काचेकडे वळली. काचेत नळ मांडले होते. नुसते नळ. अकरा वर्षं ती या परक्या शहरात राहत होती, पण बसच्या खिडकीतून हे दुकान कधी दिसलं नव्हतं.

पाठलाग इतका अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. नवरा पळाला असता तर तीही पळाली असती. पण हा माणूस रमतगमत चालला होता. खांद्यावर ऑफिसची बॅग, हातात डबा. एका खिडकीतल्या मांजराशी तो चांगला दोन मिनिटं बोलला. कोणत्या भाषेत, ते मात्र ऐकू आलं नाही. ऑफिसला जायचं स्टेशन केव्हाच मागे पडलं होतं.

संशय आला तो डब्यामुळे. इतकी वर्षं डबा अर्धा भरलेला परत यायचा. गेले तीन महिने तो चाटूनपुसून रिकामा येत होता, आणि वर घासलेला. ज्याने जन्मात स्वतःची कपबशी विसळली नाही, त्याचा डबा घासलेला! तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर मैत्रीण म्हणाली, "घासणारी कोण आहे ते बघ आधी."

म्हणून आज तिने कामावर अंग दुखत असल्याचं कळवलं, आणि निघाली.

नवरा एका बोळात वळला आणि एका उघड्या दारातून आत गेला. रस्ताभर तिने सात प्रश्न घोटून ठेवले होते. एकेक असा, की समोरच्याची बोलती बंद व्हावी. पदर नव्हता, म्हणून तिने ओढणीच खोचली आणि दारात जाऊन उभी राहिली.

आत खुर्च्याच खुर्च्या. भिंतीला टांगलेल्या, एकमेकींच्या डोक्यावर पाय देऊन उभ्या. बैठक दोघी-तिघींचीच काय ती धड. मधोमध बुटक्या स्टुलावर नवरा, बाह्या सारलेल्या, गुडघ्यांत एक खुर्ची. बाजूला पाण्याचा टब आणि त्यात वेताच्या लांब पट्ट्यांचं भेंडोळं. आणि पलीकडे ती, दुकानाची मालकीण. सत्तरीच्या पुढची, चष्मा नाकाच्या टोकावर, दहापैकी चार बोटांना चिकटपट्ट्या.

नवऱ्याने मान वर केली. त्याचा चेहरा पडला.

"अगं..."

तिने तोंड उघडलं. सातपैकी एकही प्रश्न आला नाही.

"हे पाण्यात कशाला ठेवलंय?"

"वेत आहे. भिजवला नाही तर वाकत नाही, मोडतो." त्याने ओले हात पँटला पुसले. "नोकरी सोडली मी. तीन महिने झाले."

"आणि डबा कोण घासतं?"

"मीच. यांचा नियम आहे, जेवेल त्याने घासायचं. तशी भाजी याच संपवतात."

म्हातारीला शब्द कळले नाहीत, पण कोण आलंय ते कळलं. तिने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. ती दारातून आत येऊन त्यावर बसली. उभ्याने भांडायचं असं ठरवून आली होती, ते तिथेच राहिलं.

"घर कसं चालायचं अहो?"

"आठवड्यातल्या चार दिवसांचा पगार मिळतो इथे. कमी आहे. आत्ताचं घर सोडून लहान घ्यावं लागेल. तुला विचारणार होतो, पण तू..."

"मी नाही म्हटलं असतं."

"हो."

"मग सांगणार कधी होतात?"

"ही झाली की."

तिने खुर्चीकडे नीट पाहिलं. कडेला काळा गोल डाग होता. गरम पातेलं तिनेच टेकवलं होतं, फार वर्षांपूर्वी. ही घरचीच खुर्ची. बैठक खचल्यापासून तिच्यावर फळी टाकून इस्त्रीचे कपडे ठेवायचे. "गॅलरीत ठेवलीय," म्हणाला होता मेला.

"कधी होईल?"

"उभ्या ओळी झाल्या. आता आडव्या, मग तिरप्या. आठ-दहा दिवस."

"एका खुर्चीला?"

"ऑफिसात मी काय करायचो, ते तुला कधी सांगता आलं का मला?"

तिने आठवून पाहिलं. आईला ती आजवर 'कॉम्प्युटरचं काहीतरी' असंच सांगत आली होती.

"द्या इकडे," ती म्हणाली.

माहेरी खाटेची दोरी कसायचं काम तिचंच असायचं. तिने पट्टी चौकटीच्या भोकातून वर काढली, उभ्या ओळींतून एक वर, एक खाली अशी पलीकडे नेली, चौकटीला पाय लावला आणि दणकून ओढली. भाऊ बघत असता तर वाहवा म्हणाला असता. म्हातारीने तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली, आणि पट्टी हळूच मागे सोडली. बोटभर. आणखी जराशी.

"झोळ पडेल की!"

"नाही पडत," नवरा म्हणाला. "वाळली की ती आपली आपण ताणते. आत्ताच कसलीस तर उद्या तुटेल."

तिला खरं वाटेना. तिने भिंतीवरच्या एका पुऱ्या झालेल्या खुर्चीवर टिचकी मारून पाहिली. टण् वाजली. ती परत येऊन बसली आणि टबात हात घालून दुसरी पट्टी काढली. वर, खाली, पलीकडे. पट्टी सुटू नये म्हणून भोकात खुंटी. टबातलं पाणी कोमट होतं. फोन दोनदा थरथरला, मैत्रीणच असणार. तिने बघितलं नाही.

शेवटी नवऱ्याला राहवलं नाही.

"चिडली नाहीस?"

"चिडणार आहे," ती मान वर न करता म्हणाली. "एवढी ओळ पुरी होऊ द्या."