पेल्याचा खेळ

पर्यवेक्षिका पुष्पावतीबाईंनी नियोजनाची वही मागितली, तेव्हा गोजरबाईनं नुसता पुठ्ठा पुढं केला. आत एकही पान नव्हतं.

"पानं कुठं गेली?"

"होड्या केल्या, बाई. तुमच्या छापील कागदात हुतं, होड्या करून पाण्यात सोडणे. होड्या झाल्या, सोडायला पानी न्हाई." तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत होड्या एकीत एक नीट बसवून ठेवल्या होत्या. "पाऊस झाल्यावर सोडू म्हनलं पोरांना."

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. जामखेडजवळ पाझर तलावाचं काम चाललं होतं. बाया बांधावर मातीच्या पाट्या वाहत आणि त्यांची तीन ते पाच वर्षांची बत्तीस पोरं बाभळीखाली गोजरबाई सांभाळी. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. ज्या बालवाडीचं लेखी नियोजन नाही ती एक तारखेपासून बंद, असा हुकूम घेऊन पुष्पावतीबाई नगरहून जीपनं आल्या होत्या.

त्यांनी तो वाचून दाखवला. गोजरबाईनं शांतपणे ऐकून घेतला.

"मग पोरं परत बांधावर जातील, आयांच्या मागं," ती म्हणाली. "तिथं मुरमाचे ट्रक मागं मागं येत्यात. गेल्या महिन्यात हितं घागरीवर झोंबाझोंबी झाली, घागर लवंडली. बायडाबाईची पोर पानी मागाय आईकडं पळाली. चाक हातभरावर थांबलं. दुसऱ्या दिवसापास्नं मी पेल्याचा खेळ बसवला."

"कसला खेळ?"

"बघा की."

तिनं टाळी वाजवली. पोरं उठली आणि आठ-आठ जणांची चार रिंगणं करून बसली; शेवटच्यात तेवढा एक कमी होता. कुणी ढकललं नाही. गोजरबाईनं पहिल्या रिंगणात काठोकाठ भरलेला पेला दिला. तो हातोहात फिरत आठव्या पोराकडं गेला. तो प्यायला. मग पुढचा पेला दुसऱ्या पोरापासून निघाला. बाकीची तीन रिंगणं आपली पाळी येईतो हळू आवाजात अंक म्हणत होती. घागर उघडी होती, पण तिच्याकडं कुणी गेलं नाही.

पुष्पावतीबाई बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या. नगरच्या पक्क्या वर्गात, चित्रांचे तक्ते आणि लाकडी ठोकळे असताना, एवढी लहान मुलं अशी बसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"आणि सांडलं तर?"

"सांडलं तेवढं माझ्या वाटनीतलं जातं. पोरांना ठावं हाय."

पुष्पावतीबाईंनी पिशवीतून स्वतःची डायरी काढली. "तुम्ही सांगा, मी लिहून घेते. नियोजन तुमचं, अक्षर माझं. साहित्य?"

"एक घागर, एक पेला."

"उद्देश?"

गोजरबाईला शब्द कळला नाही.

"कशासाठी खेळायचं?"

"तहान लागती म्हनून," गोजरबाई म्हणाली.

पुष्पावतीबाईंनी छापील कागदावरचे उद्देश आठवून पाहिले. मग तिनं सांगितलं तसंच लिहिलं आणि खाली तारीख घालून सही केली. बालवाडी चालू ठेवावी, असंही लिहिलं.

शेवटच्या रिंगणात सातच पोरं होती, एकाला ताप होता. "तेवढी जागा भरा, बाई," गोजरबाई म्हणाली. "रिंगण मोडलं की पोरं बावरत्यात."

पुष्पावतीबाई पदर खोचून मातीत बसल्या. पेला फिरत त्यांच्याकडं आला. नगर सोडल्यापासून त्यांच्या घशाखाली पाणी गेलं नव्हतं. नाकावरून चष्मा घसरला, तो सावरायला त्यांनी एक हात सोडला. पेला कलला. घोटभर पाणी सांडलं आणि मातीत जिरून गेलं.

सातही पोरं गोजरबाईकडं बघू लागली.

पुष्पावतीबाईंच्या शेजारी छबू होती, चार वर्षांची. पेला घ्यायला तिनं हात पुढं केले नाहीत. आधी तिनं पुष्पावतीबाईंचा मोकळा हात उचलला आणि पेल्याला लावला.

"दोनी हातानं धरावं, बाई," ती म्हणाली.