तापलेली फरशी

मंगळावर, आर्सिया नावाच्या ज्वालामुखीखाली, लाव्हाने कधीकाळी पोखरलेल्या बोगद्यात कालिंदीबाईंचं घर होतं. एके सकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "ऋजुता, हीटर बंद कर गं. फरशी किती तापलीय!"

"आई, हीटर कालपासून बंदच आहे," असं म्हणता म्हणता ऋजुता थबकली. ती वस्तीतली भूशास्त्रज्ञ होती. हा डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वी विझला, असं तीच सगळ्यांना सांगत आली होती. तिने वाकून फरशीला हात लावला. दगड खालून गरम होता आणि अगदी बारीक थरथरत होता.

"कळवलंस तर वस्ती उठवतील ना?" कालिंदीबाईंनी विचारलं. त्यांचा सगळा संसार याच घरात झाला होता.

"हो आई. पण कळवावंच लागेल."

निरोप धाडून ती परतली, तर सासूबाई फरशीला कान लावून आडव्या झालेल्या.

"आई, सामान बांधायचंय."

"बांधू गं. आयुष्यभर लोक म्हणायचे, मेलेल्या ग्रहावर कसल्या राहता! ये, तूही ऐक."

ऋजुता त्यांच्याशेजारी आडवी झाली.