कॅमेऱ्याला ताप

“ताई, डब्यावर छापलेला पासवर्ड तेवढा बदलून घ्या हं,” कॅमेरा बसवून निघताना नेटवाला दारातून म्हणाला होता. तेव्हा बाळ कडेवर रडत होतं, गॅसवर दूध वर यायला लागलं होतं. हो हो म्हणत तिने दार लावून घेतलं. त्याला आता सात महिने झाले होते.

आज दुपारी पाळण्यावरच्या त्या कॅमेऱ्याची धूळ पुसताना तिचा हात थबकला. फडकं बाजूला ठेवून तिने उलटा हात कॅमेऱ्याला टेकवला, मग झोपलेल्या बाळाच्या कपाळाला, मग पुन्हा कॅमेऱ्याला.

“आई, याला ताप आहे.”

सासूबाईंनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. दिसेल त्याच्या कपाळाला हात लावून बघायची तिची खोड घरात सगळ्यांना ठाऊक होती. नणंदेने तिचं नावच थर्मामीटर पाडलं होतं. पण माणसं संपून ती आता यंत्रांवर आली, याचं सासूबाईंना हसू आवरेना. गोळी चालेल की पातळ औषध, असं त्यांनी विचारूनही घेतलं.

तिला हसू आलं नाही. कुणी वापरत नसताना हा एवढा तापलाय, म्हणजे यातून आपल्या बाळाकडे कुणी परकं टक लावून बघतंय की काय, असं तिच्या मनात आलं होतं. कॅमेऱ्यावर दुपटं टाकून तिने नेटवाल्याला फोन लावला.

तो आला तोच मुळी तिची समजूत घालायला. कॅमेरे थोडे कोमट असतातच, असं म्हणत त्याने दुपटं काढलं, बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग बराच वेळ तो आपल्या फोनमध्ये काहीतरी शोधत राहिला.

“बाळाकडे कुणी बघत नाहीये, ताई. बघायला याला सवड कुठाय? कुणीतरी बाहेरून आत शिरून याला कामाला जुंपलंय. असल्याच हजारो कॅमेऱ्यांबरोबर हा इथे बसून, नेटवरून सारखा एकाच दारावर धडका मारतोय, आतलं सगळं बंद पडेपर्यंत.”

“कुणाच्या दारावर?”

त्याने फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर मुलांच्या हॉस्पिटलचं नाव होतं.

नणंद तिथेच, नंबर लावायच्या खिडकीवर बसायची. परवापासून तिथले सगळे कॉम्प्युटर ठप्प होते. कुठल्या पोराला काय झालंय, कुणाची कसली तपासणी राहिलीय, काही म्हणता काही उघडत नव्हतं. तापलेली पोरं खांद्यावर टाकून आयांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. हे करणाऱ्याचे हात झडोत, असं नणंद काल जेवताना म्हणाली होती, आणि हिने मान डोलावली होती.

त्यातला एक हात तिच्याच पाळण्यावर बसवलेला होता.

“मी तेव्हाच म्हटलं होतं...” नेटवाल्याने सुरुवात केली.

“म्हटलं होतंत. मी ऐकलं नाही. आता हे सांगा, आपल्या इमारतीत असे कॅमेरे किती?”

पस्तीस होते. सगळ्यांनी मिळून एकदमच घेतले होते, आणि पस्तिसांचाही पासवर्ड तोच, डब्यावर छापलेला.

तिने आपल्या कॅमेऱ्याचा बंदोबस्त करून घेतला, बाळाला कडेवर घेतलं आणि निघाली. मागून नेटवाला, आणि त्याच्या मागून सासूबाई, कारण एकटी गेलीस तर लोक वेड्यात काढतील, असं त्यांचं म्हणणं. दार उघडलं की ती सरळ कॅमेऱ्यापाशी जाऊन उलटा हात टेकवायची. मग वायर ओढायची, पुन्हा लावायची, आणि नेटवाला तिथल्या तिथे नवा पासवर्ड घालून घ्यायचा. एकाने कुत्र्याचं नाव सुचवलं. ते तर तुम्ही दिवसभर गॅलरीतून ओरडत असता, असं ती म्हणाल्यावर त्याने मुकाट्याने दुसरं शोधलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत तर लोक आपणहून दारात उभे राहायला लागले. आमच्याला आहे ताप. आमच्याला नाही, पण तरी बदलून द्या.

मध्येच जिन्यात थांबून नेटवाल्याने ऑफिसला सगळं कळवलं. तासाभरात त्यांच्या गावभरच्या गिऱ्हाइकांच्या फोनवर एक ओळ जाऊन पोचली: कॅमेऱ्याला हात लावून बघा, तापला असेल तर वायर काढा आणि पासवर्ड बदला.

तळमजल्यावरच्या आजी शेवटी राहिल्या होत्या. त्या एकट्याच राहायच्या. कॅमेरा परदेशातल्या मुलाने बसवून घेतलेला. त्याच्यासमोर खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या, केस नीट विंचरून.

“तो बघतो ना मला यातून,” त्या म्हणाल्या. “जरा बरं दिसावं.”

त्यांचा कॅमेरा सगळ्यांत जास्त तापला होता. मुलाने तो शेवटचा कधी उघडून बघितला होता, ती तारीख नेटवाल्याच्या फोनवर आली. ती कॅमेरा बसवला त्याच आठवड्यातली होती. त्याने फोन आजींना दिसणार नाही असा धरला आणि आपलं काम उरकलं. तिने सवयीने तोच उलटा हात आजींच्या कपाळाला लावला, आणि तो तिथेच राहिला.

“आजी, कधीपासून आहे हा ताप?”

“झाले असतील तीन दिवस. कुणाला सांगणार?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नणंदेच्या आवाजामागे खिडकीवरचा गलका ऐकू येत होता.

“वहिनी, उघडलं गं! पहिल्या पोराचा नंबर लागला आत्ता.”

सासूबाईंनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. “माझ्या थर्मामीटरने उघडलंय ते,” त्या म्हणाल्या, वरच्या मजल्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. जिन्यात कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. बाळानेही वाजवली.

फोन परत हातात आल्यावर ती एवढंच म्हणाली, “घरी येताना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन ये. इथे एक नंबर लावायचाय.” तिचा दुसरा हात अजून आजींच्या कपाळावरच होता.

तुम्हीही कुणाच्या तरी घरी असा एक डोळा बसवून दिला असेल. आज जाऊन त्याला हात लावून बघा, पासवर्डही बदला. आणि गेलाच आहात, तर जरा आईच्या कपाळालाही.