बाहेरची फ्लॉपी

"नाव सांगा, मंजुळाबाई. एका नावावर तुमची नोकरी वाचतेय," सुधीर साठे तिसऱ्यांदा म्हणाला.

"साहेब, तुम्ही रजिस्टर बघा ना," मंजुळा कोळी म्हणाली.

"रजिस्टर राहू दे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हे चाललं होतं कल्याणच्या एका पाणीपुरवठा कार्यालयात, १९९३च्या डिसेंबरात. सुधीर ठाण्याच्या मुख्य कार्यालयातला संगणक सुरक्षा अधिकारी. जिल्ह्यात असला प्राणी एकच. महिन्याभरात पाच कार्यालयांतले संगणक बसले होते आणि त्याची झोप उडाली होती. पाचही ठिकाणं त्यानं दिवाळीआधी स्वतः तपासून 'निर्धोक' असा शेरा दिला होता. आता वरून रोज फोन येत होता, कोण करतंय हे?

सकाळी आल्या आल्या फाटकावरच्या वहीत त्यानं न बघताच सही ठोकली. सह्या तो तशाच करायचा. मग तडक संगणकाच्या खोलीत जाऊन निळ्या पट्टीची, तपासणीची फ्लॉपी काढली. ही फ्लॉपी घेऊन तो जिल्हाभर हिंडायचा. फ्लॉपीवर दुसरं काही लिहिलं जाऊ नये म्हणून कडेला लावायची चिकटपट्टी निघून गेली होती, नवी लावायला सवड झाली नव्हती. दोन मिनिटांत निदान झालं. व्हायरसच.

गेल्या सोमवारी मंजुळाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरची अक्षरं पिकल्या जांभळांसारखी तळाशी गळून पडली होती. त्यांच्याबरोबर दिवा आणि मानपाडा या गावांची नळजोडणीची यादी गेली. अडीच हजार घरं, तिनं सात महिने खपून भरलेली. तेव्हा ती खोलीतच बसून रडली होती.

"साहेब, हिचा भाऊ पोपट डोंबिवलीत कम्प्युटर क्लासात असतो," हेडक्लार्क त्र्यंबकराव पुढे सरकले. "दर शनिवारी फाटकाशी येतो. हातात काळी पिशवी. गेमच्या फ्लॉप्या, दुसरं काय असणार?"

"सुके बोंबील असतात," मंजुळा म्हणाली. "आई पाठवते. तुम्हीच मागवता ना?"

त्र्यंबकराव पंख्याकडे बघू लागले.

सुधीरला हसू आलं नाही. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा उठला.

"बाहेरची फ्लॉपी लावलीत की नाही, तेवढं सांगा."

"एकदाच लावलेली, साहेब."

"कोणाची?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्र्यंबकरावांकडे. "माझ्या तोंडून नको, साहेब. रजिस्टर बघा."

पुन्हा रजिस्टर! बाहेरच्या फ्लॉपीची नोंद करायची, आणणाऱ्याची सही घ्यायची, मग तो कोणीही असो, हा नियम सुधीरचाच. चाळीस कार्यालयांत त्यानं तो भिंतीवर लावून घेतला आणि चाळीस रजिस्टरं कोरी पाहिली. कारकून मागे हसायचे. हल्ली तो ती उघडतच नसे.

भावाला वाचवतेय, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला वाईटही वाटलं, अगदी मनापासून. खाडीकाठच्या त्यांच्या वस्तीतली सरकारी टेबलाशी बसलेली ही पहिली बाई. वर्षअखेरीस तिची उमेदवारीची मुदत संपून ती कायम होणार होती. पण त्याला आज नाव हवं होतं.

त्यानं अहवाल लिहायला घेतला. 'सदर कर्मचारी यांनी बाहेरील फ्लॉपी वापरल्याचे कबूल केले. ती कोणाची हे सांगण्यास नकार दिला. सेवेतून कमी करावे.' खाली सही केली आणि ठाण्याला फोन लावून साहेबांना सगळा वाचून दाखवला.

"शाबास!" साहेब म्हणाले. "आदेश आजच काढतो. रजिस्टरचं पान तेवढं जोडा."

"ते कोरंच असणार, सर."

"कोरं तर कोरं. कागद पुरे पाहिजेत."

फोन ठेवल्यावर सुधीरनं चहा मागवला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला जरा हलकं वाटत होतं.

"आणा ते रजिस्टर," तो म्हणाला.

मंजुळानं पदरानं डोळे टिपले आणि कपाट उघडलं. रजिस्टरला खाकी कव्हर घातलेलं होतं, आत लाल शाईनं सरळ रकाने आखलेले होते. आपला नियम कोणीतरी इतक्या मनावर घेतलेला बघून सुधीरला क्षणभर बरं वाटलं.

पानावर एकच नोंद होती. तारीख ४ नोव्हेंबर. फ्लॉपी एक, निळी पट्टी. आणणाऱ्याच्या रकान्यात सुधीरची सही होती.