निहारचा बांध

बेंगळुरूत, येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये बसून निहार गेली कित्येक वर्षं कोकणातल्या एका बंदराचा दगडी बांध दुरुस्त करत होता, अर्थात कॉम्प्युटरवर. दर पावसाळ्यात समुद्र दगड ढासळवायचा आणि दर दिवाळीला निहार नवा आराखडा पाठवायचा. "एकदा दाखव तरी तुझा बांध," असं म्हणत यंदा बायको, सिद्धी, त्याला तिथे घेऊन गेली. बांधावर उभा राहून तो छाती फुगवून तिला सगळं समजावत होता. तेवढ्यात एक लाट बांध ओलांडून आली आणि या दोघांसकट एका मावशींच्या वाळत घातलेल्या बोंबलांना भिजवून गेली.

"कुठल्या गाढवानं बांधलाय हा?" मावशी कडाडल्या. सिद्धीने निहारकडे पाहिलं.

ओला शर्ट पिळत निहार म्हणाला, "बेंगळुरूत बसून आराखडे काढतात मेले! त्यांना काय ठाऊक समुद्र, मावशी!"